केम्प्टन, 1525 : माणसांच्या अंगावरून गेलेल्या सीमा

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी, आल्गॉय नावाचा कुरणांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे इलर नदीच्या काठी केम्प्टन वसलेलं आहे. आज ते एकच शहर आहे, पण 1525 साली तिथे एकमेकांना खेटून दोन राज्यं होती. तटबंदीच्या आत होतं केम्प्टनचं साम्राज्य-नगर. व्यापारी आणि कारागिरांच्या या शहराला सम्राटावाचून दुसरा धनी नव्हता. तटाबाहेर, हाकेच्या अंतरावर, बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. त्याचा मठाधिपती एकाच वेळी धर्मगुरूही होता आणि राजाही, आणि तोही थेट सम्राटालाच बांधील होता. या दोघांचं भांडण कित्येक पिढ्या चालू होतं. त्या वर्षी मठाच्या शेतकऱ्यांनी उठाव केला, आणि तो जर्मन मुलखांतल्या मोठ्या शेतकरी युद्धाचा भाग झाला.

त्या काळच्या पवित्र रोमन साम्राज्यात अशी तीनशेहून जास्त लहानमोठी राज्यं होती, आणि त्यांची सगळ्यात दाट गर्दी होती ती या वरच्या श्वाबिया भागात. मेमिंगन, इस्नी, वांगन, लॉयटकिर्ख, काउफबॉयरन ही एकेक गावाएवढी स्वतंत्र नगरं होती. त्यांच्या अधेमधे ओटोबॉयरन, ऑक्सनहाउझन, वाइनगार्टन असे मठ, आउग्सबुर्गच्या बिशपचा मुलूख, वाल्डबुर्ग घराण्याची जहागीर आणि सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याचे तुकडे होते. नकाशा पाहिला की गोधडी आठवते. पण गोधडीतला प्रत्येक तुकडा निदान आपल्या जागी शिवलेला असतो. इथे तसं नव्हतं आणि या प्रकरणाची खरी गाठ तिथेच आहे. सीमा जमिनीवरून जात नव्हत्या, त्या माणसांच्या अंगावरून जात होत्या.

हे नीट समजायला एका शेतकऱ्याचं घर जवळून पाहू. तो कसत असलेली जमीन एका मठाची असे, म्हणजे खंड तिकडे जाई. गावचा न्यायनिवाडा जवळच्या सरदाराकडे असे, म्हणजे दंड तिकडे भरायचा. धान्याचा दशमांश तिसराच कोणी नेई. या तिघांखेरीज आणखी एक मालक असे, देहाचा मालक. जमीन कोणाची, निवाडा कोणाचा, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या माणसाच्या शरीरावर त्याचा हक्क असे आणि माणूस कुठेही राहायला गेला तरी तो हक्क त्याच्या मागे जाई. शेजारच्या घरातल्या माणसाचा देहमालक वेगळा असू शकत होता. एकाच घरात नवरा एका मठाचा आणि बायको दुसऱ्या सरदाराची, असंही घडे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत या लोकांना ‘भूदास’ म्हणतात. हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. भूदास म्हटलं की जमिनीला बांधलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. जर्मन शब्दात ‘लाइब’ आहे, म्हणजे शरीर. आल्गॉयचा शेतकरी जमिनीला बांधलेला नव्हता, त्याचं अंगच कोणाच्या तरी मालकीचं होतं. मराठीत ‘देहदास’ म्हणावं लागेल. शब्द कानाला खटकतो, पण खरा तोच आहे.

अशा दोघांचं लग्न झालं की मूल कोणाचं, हा प्रश्न उभा राही. दुसऱ्या मालकाच्या माणसाशी लग्न करणं म्हणजे मालकाची भावी प्रजा बाहेर घालवणं असं मानत, आणि त्याला दंड होई. मग मालक मंडळी आपसांत अदलाबदल करत. तुमची एक बाई आमच्याकडे, आमची एक तुमच्याकडे, असा व्यवहार रीतसर कागदावर लिहून खाली शिक्के मारले जात. या अदलाबदलीचे कागद वरच्या श्वाबियात पुष्कळ आहेत. लिहिणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती हिशेबाची नीटनेटकी तजवीज होती.

केम्प्टनचे मठाधिपती या व्यवहारात सगळ्यांच्या पुढे गेले.

मठाच्या प्रजेत पूर्वापार तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वर मुक्त खंडकरी. ते मठाला संरक्षणापोटी वर्षाला ठरावीक रक्कम देत, पण कुठे राहायचं आणि कोणाशी लग्न करायचं हे त्यांचं ते ठरवत. मधल्या पायरीवर साधे खंडकरी होते आणि तळाला देहदास. पंधराव्या शतकात एकामागून एक मठाधिपतींनी हा जिना वरून खाली ढकलायला घेतला. मुक्त खंडकऱ्यांना साधे खंडकरी करायचं, साध्या खंडकऱ्यांना देहदास करायचं. लग्न हे त्यांचं मुख्य हत्यार होतं. मूल आईच्या दर्जाचं, ही जुनी रीत मोडून त्यांनी नवा नियम लावला : आईबापांपैकी ज्याचा दर्जा हलका, त्याचा दर्जा मुलाला. जर्मनमध्ये याला ‘वाईट हाताच्या मागे जाणं’ म्हणत. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. मुक्त बाईने खालच्या पायरीवरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिने स्वतःहून आपलं स्वातंत्र्य सोडल्याचं लिहून द्यावं, असा आग्रह धरत. लिहून दिलं नाही तर नवऱ्याला कोठडीत टाकत.

मठाधिपतीच्या हातात दोन सत्ता होत्या आणि त्या दोन्ही त्याने वापरल्या. तुरुंगाने काम झालं नाही तर चर्चचे दरवाजे बंद होत. खंड आणि दर्जा यांच्या भांडणात माणसाला प्रभुभोजनाला येऊ देत नसत. आत्म्याच्या उद्धाराची ज्याला मनापासून काळजी होती अशा त्या काळच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय होता, याचा विचार केला की मला त्या कोठडीपेक्षा हे जास्त क्रूर वाटतं. शिवाय मृत्यूचा कर होता. बाप गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मठाचं, आई गेली की तिचा सगळ्यात चांगला पोशाख मठाचा. केम्प्टनमध्ये तर मठ मागे राहिलेल्या मालमत्तेतला अर्धा वाटा मागू लागला. घरात प्रेत असताना गोठ्यातली गाय सोडून नेली जाते, हे दृश्य त्या मुलखातल्या प्रत्येक कुटुंबाने कधी ना कधी पाहिलेलं होतं.

आपल्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ मठाने शार्लमेन सम्राटाच्या नावाची एक जुनी सनद पुढे केली होती. ती सनद बनावट होती.

हे सगळं मठाधिपतींच्या निव्वळ हावरेपणावर ढकलता येत नाही. हावरेपणा होताच, पण त्याखाली दुसरी यंत्रणा चालू होती. 1348 च्या प्लेगच्या महामारीनंतर युरोपात माणसं कमी झाली आणि जमीन भरपूर उरली. खंड पडले. शेजारच्या नगरात गेलं की नागरिकत्व मिळत होतं, त्यामुळे धडधाकट माणसं तटाच्या आत निघून जात होती. मालकाला जमिनीपेक्षा माणसाची चणचण होती, म्हणून त्याने माणूस बांधला. दुसरं कारण राज्यबांधणीचं. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या मुलखाचं एकसंध राज्य करायचं तर प्रत्येक माणसावर सारखाच हक्क हवा, आणि देहमालकी हा त्यासाठीचा सोपा मार्ग होता. म्हणजे राज्य आधुनिक होत गेलं, तसतसा माणूस जास्त गुलाम होत गेला. मध्ययुग मागासलेलं आणि पुढचा काळ सुधारलेला, अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी केम्प्टन अवश्य पाहावं.

शेतकरी गप्प बसले नव्हते. 1491 साली, धान्य महागलेलं असताना, ते लॉयबास या आपल्या जुन्या सभेच्या जागी जमले. सम्राटाकडे दाद मागितली. प्रकरण श्वाबियन संघाकडे गेलं. हा संघ म्हणजे नगरं, सरदार आणि धर्मगुरू यांनी 1488 साली आपापसांतली शांतता राखण्यासाठी केलेली युती. पंच म्हणून बसलेले लोक मालकांच्याच पंगतीतले होते. 1492 च्या तडजोडीने मठाचं आसन आणखी पक्कं झालं.

1523 साली सेबास्टियन फॉन ब्राइटनश्टाइन मठाधिपती झाला. नव्या मठाधिपतीने प्रजेकडून निष्ठेची शपथ घ्यायची असे. शेतकऱ्यांनी शपथ अडवून धरली : आधी गाऱ्हाणी ऐका, मग शपथ. जानेवारी 1525 मध्ये ते पुन्हा लॉयबासला जमले आणि एकमेकांना न सोडण्याची शपथ घेतली. त्यांचा पुढारी होता योर्ग श्मिड, ज्याला सगळे क्नोप्फ म्हणत. त्या दिवशी कोणी हत्यार काढलं नाही. त्यांनी ठरवलं ते कोर्टात जायचं, आणि कज्ज्यासाठी पुरावा हवा म्हणून गावोगाव हिंडून तक्रारी लिहून घेतल्या.

ती नोंदवही या प्रकरणाचा गाभा आहे. माणसामागून माणूस येतो आणि सांगतो : मी मुक्त होतो, अमक्या मठाधिपतीने मला कोठडीत टाकलं, बायकोला लिहून द्यायला लावलं, मुलं गेली. त्यात स्वातंत्र्यावरचं भाषण नाही, धर्मचर्चा नाही. एकेका घरात लग्न कधी झालं, कोण मेलं, काय नेलं, एवढंच आहे. अशा शेकडो नोंदी एकापुढे एक लावल्या की जे प्रत्येकाला आपलं खासगी दुर्दैव वाटत होतं, ते एका धोरणाचा भाग असल्याचं दिसू लागतं. लोक एकत्र का आले, याचं उत्तर मला कोणत्याही घोषणेपेक्षा या वहीत जास्त सापडतं.

पण कोर्टाच्या वाटेत एक मोठी अडचण होती, आणि ती थेट राज्यांच्या तुकड्यांतून आलेली होती. त्या काळी दाद मागायची ती ‘जुन्या रिवाजा’च्या नावाने. पूर्वी असं नव्हतं, नव्याने लादलंत, म्हणून काढा, असा तो युक्तिवाद. पण जुना रिवाज प्रत्येक मालकाच्या मुलखात वेगळा. केम्प्टन मठाच्या माणसाचा पुरावा ओटोबॉयरनच्या माणसाला निरुपयोगी, आणि बिशपच्या प्रजेला दोन्ही परके. दुःख सगळ्यांचं सारखं आणि कागद प्रत्येकाचा वेगळा. तुकडे करणाऱ्यांना याचा आयता फायदा होता.

ही कोंडी फुटली ती एका नव्या शब्दाने : दैवी न्याय. देवाचा शब्द सगळ्यांना एक. तो केम्प्टनलाही लागू, ओटोबॉयरनलाही लागू. बायबल आता जर्मनमध्ये छापून मिळत होतं, गावातले दोघे-चौघे ते वाचत आणि बाकीचे ऐकत. त्या झगड्यात धर्म हा वरून चढवलेला रंग होता, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. चार मालकांच्या चार कायद्यांत वाटल्या गेलेल्या माणसांना ‘आपण’ म्हणता येईल अशी दुसरी कोणतीही भाषा त्यांच्यापाशी नव्हती. राष्ट्र हा शब्द अजून त्यांच्या कामाचा नव्हता. ‘आम्ही जर्मन’ म्हणून कोणाच्या गोठ्यातली गाय वाचणार नव्हती.

फेब्रुवारीत केम्प्टनचे शेतकरी आल्गॉयच्या इतर मालकांच्या प्रजेला जाऊन मिळाले. तोवर शेजारी आणखी दोन जथे उभे राहिले होते. एक बोडन सरोवराच्या काठचा, दुसरा बाल्टरिंगनचा. बाल्टरिंगनच्या जथ्याचा म्होरक्या होता झुल्मिंगन गावचा लोहार उलरिख श्मिड. आपण कोणता दैवी न्याय मागतो आहोत हे लिहून काढायला जाणता माणूस हवा म्हणून तो मेमिंगनला गेला. तिथे त्याला सेबास्टियन लोट्झर सापडला. हा कातडी कपडे शिवणारा कारागीर होता, विद्वान पंडित नव्हे, पण बायबल त्याला तोंडपाठ होतं. त्याच्यामागे सेंट मार्टिन चर्चचा प्रवचनकार क्रिस्टोफ शापेलर होता, स्विस सुधारक झ्विंगलीच्या विचारांचा.

6 मार्च 1525 रोजी तिन्ही जथ्यांचे सुमारे पन्नास प्रतिनिधी मेमिंगनच्या किराणा व्यापाऱ्यांच्या श्रेणीगृहात, म्हणजे त्यांच्या संघाच्या इमारतीत, बसले. ती इमारत आजही उभी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘ख्रिस्ती संघ’ स्थापन केला. याच दिवसांत लोट्झरच्या हातून ‘बारा कलमे’ तयार झाली. आउग्सबुर्गला ती छापली गेली आणि दोन महिन्यांत सुमारे 25,000 प्रती जर्मन मुलखांत पसरल्या.

कलमं वाचताना मागण्यांचा साधेपणा डोळ्यांत भरतो. पाद्री आम्हाला निवडू द्या. धान्याचा दशमांश पाद्री आणि गरिबांसाठी वापरा, जनावरांवरचा बंद करा. ओढ्यातले मासे, जंगलातलं लाकूड आणि गावाचं गायरान परत द्या. वेठ ठरली त्याहून वाढवू नका. अकराव्या कलमात मृत्यूचा कर कायमचा मोडा, असं आहे : विधवा आणि पोरक्यांना लुबाडणं देवाला मान्य नाही. आणि तिसरं कलम थेट देहमालकीवर. ख्रिस्ताने आपलं मोलाचं रक्त सांडून आम्हा सगळ्यांना सोडवलं आहे, गुराख्यालाही आणि सगळ्यात थोर माणसालाही, कोणाला न वगळता; म्हणून आम्ही मुक्त आहोत आणि मुक्त राहू इच्छितो. लगेच पुढे खुलासा येतो की आम्हाला मुळीच सरकार नको, असं आमचं म्हणणं नाही. बाराव्या कलमात ते सांगतात की यातलं काही धर्मग्रंथाविरुद्ध असल्याचं दाखवून द्या, आम्ही ते मागे घेऊ. न्याय करायला पंच म्हणून त्यांनी सुचवलेल्या नावांत ल्यूथर, मेलांख्टन आणि झ्विंगली हे धर्मसुधारक होते.

ल्यूथरचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. मालकांनाही त्याने झापलं, पण तिसऱ्या कलमाबद्दल तो म्हणाला की अब्राहामापाशीही दास होते, आणि ख्रिस्ती स्वातंत्र्याला तुम्ही देहाची बाब करून टाकलंत. पण शेतकऱ्याची बेडी देहावरच होती. ज्याच्या देहावर कोणाचीच मालकी नाही अशा माणसाने आत्म्याच्या स्वातंत्र्यावर समाधान मानायला सांगणं सोपं असतं. मे महिन्यात ल्यूथरने याहून फार कडक भाषेत लिहिलं, तेव्हा कत्तली सुरू झालेल्या होत्या.

मालकांनी मार्चभर बोलणी का लांबवली, याचं उत्तर इटलीत आहे. भाडोत्री सैनिक तिकडे गुंतले होते. 24 फेब्रुवारीला पाव्हियाच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने फ्रान्सच्या राजाला पकडलं आणि शिपाई मोकळे होऊ लागले. श्वाबियन संघाचा सेनापती गेओर्ग ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्ग कूच करायला तयार झाला. त्याला पैसा पुरवणाऱ्यांत आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर होता. 4 एप्रिलला लाइपहाइमला शेतकऱ्यांचा पहिला मोठा पराभव झाला.

इथून पुढे तुकड्यांचं गणित उलटं फिरलं. 17 एप्रिलला वाइनगार्टनपाशी सरोवरकाठचा जथा ट्रुखसेसपुढे उभा होता आणि संख्येने तो वरचढ होता. लढाई झाली असती तर काय झालं असतं कोणास ठाऊक. सेनापतीने करार पुढे केला : हत्यारं ठेवा, घरी जा, गाऱ्हाणी लवादापुढे मांडा. त्यांनी तो मान्य केला. त्यांना भित्रे म्हणणं मला जमत नाही. पेरणीचे दिवस होते आणि मुळात त्यांची मागणी लवादाचीच होती. पण ट्रुखसेसची पाठ मोकळी झाली आणि तो उत्तरेकडे वळला. बोब्लिंगन, क्योनिग्सहोफन, मग बाकीचे. एकेक जथा एकेकटा गाठला गेला. संपूर्ण युद्धात मेलेल्यांची संख्या 70,000 ते 1,00,000 धरली जाते. मेमिंगनचा ‘आपण’ कागदावर तीन जथ्यांचा होता. रणांगणावर प्रत्येक जण आपापल्या खोऱ्यातच लढला.

केम्प्टनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला मठ लुटला गेला. मठाधिपती लीबेनटान किल्ल्यात पळाला, तिथे शेतकऱ्यांनी त्याला धरलं आणि त्याची रवानगी शहरात झाली. आता पाहा, शहराने काय केलं. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने अडचणीतल्या मठाधिपतीकडून शहराच्या हद्दीतले मठाचे उरलेसुरले सगळे हक्क 30,000 गुल्डनांना कायमचे विकत घेतले. केम्प्टनच्या इतिहासात हा ‘मोठा सौदा’ म्हणून ओळखला जातो. ज्या बंडाने मठाधिपतीला गुडघे टेकायला लावले, त्या बंडाच्या जोरावर शहर पुरतं स्वतंत्र झालं, आणि बंडखोरांसाठी शहराने तट उघडला नाही. नागरिक आणि शेतकरी एकाच चर्चच्या घंटेच्या आवाजात राहत होते, पण मुक्ती त्यांना वेगवेगळी हवी होती. तुकड्यांच्या जगाची सवय अशी खोल जाते.

जुलैमध्ये ट्रुखसेस आल्गॉयला परतला. लॉयबास ओढ्याकाठी, जिथून सुरुवात झाली होती तिथेच, शेवटचा जथा मोडला. गावं जाळली गेली. क्नोप्फ पकडला गेला आणि त्याला ठार करण्यात आलं. लोट्झर आणि शापेलर आधीच स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनला निसटले होते.

गोष्ट इथे संपली, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. पण केम्प्टनच्या शेतकऱ्यांनी हरल्यावरही कज्जा सोडला नाही. श्वाबियन संघापुढे तो चालला आणि जानेवारी 1526 मध्ये मेमिंगनमध्येच मठ आणि प्रजा यांच्यात करार झाला. देहमालकी मोडली नाही, पण लग्न, वारसा आणि मृत्यूकर यांवरचा जाच त्यात मोजूनमापून बांधला गेला. मठाधिपतीला आता मनाला येईल तसं वागता येणार नव्हतं, कारण समोरच्या बाजूकडेही शिक्कामोर्तब झालेला कागद होता. हा करार पुढे पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. बवेरियात देहमालकी कायद्याने संपली ती 1808 च्या संविधानाने. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी मठ आणि नगर ही दोन्ही राज्यं बवेरियाने गिळली होती. 1818 मध्ये दोन्ही केम्प्टन मिळून एक शहर झालं.

एक गोष्ट मात्र 1808 ची वाट पाहत थांबली नाही. 1550 च्या सुमारास याच मठाच्या मुलखात शेतकऱ्यांनी आपापल्या विखुरलेल्या पट्ट्यांची एकत्र बसून अदलाबदल सुरू केली. एकाचा तुकडा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असं करत प्रत्येकाची जमीन एका जागी आणली आणि काहींनी गावातलं घर मोडून ते आपल्या शेताच्या मधोमध नेऊन बांधलं. संमती गावाची, परवानगी मठाची. पूर्वी मालक माणसांची अदलाबदल करत, आता माणसं जमिनीची करू लागली. ही पद्धत तिथून साऱ्या आल्गॉयभर पसरली. आज केम्प्टनबाहेर पडलं की हिरव्या उतारांवर एकेकटी घरं दिसतात, प्रत्येकाभोवती त्याचं कुरण.